डॉ. रखमाबाई : नकाराचा हक्क आणि सेवेचे आयुष्य



रविवारच्या या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज आम्ही ज्या बाईंची कथा सांगणार आहोत त्या संत नव्हत्या आणि आपल्या ख्रिस्तसभेच्याही नव्हत्या. त्या मुंबईच्या सुतार समाजातल्या एका घरात जन्मल्या आणि नव्वद वर्षे जगल्या. तरीही आपल्या धडगाव परिसरातल्या प्रत्येक आईबापाने ही कथा ऐकावी असे आम्हांला वाटते. होळी झाली की आपल्या पाड्यापाड्यांत लग्नाची बोलणी सुरू होतात. पंच बसतात, देज ठरते, तारीख ठरते. जिचे लग्न ठरते तिला कोणी विचारले का, आणि विचारले तर कधी, हा प्रश्न त्या गडबडीत मागे राहतो. डॉ. रखमाबाईंचे सगळे आयुष्य याच एका प्रश्नाभोवती फिरले.

जन्म आणि घर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न लहान वयात झाले होते, आणि मुलगी झाली तेव्हा त्या स्वतः पंधरा वर्षांच्या होत्या. रखमा अडीच वर्षांची असतानाच वडील वारले आणि जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. पुनर्विवाहापूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. ही बाब लक्षात ठेवा, कारण पुढच्या भांडणात ती अनेकदा येते.

डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळातले नावाजलेले वैद्य. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवीत. वनस्पतींचाही त्यांचा मोठा अभ्यास होता. १८८३ मध्ये मुंबईत निसर्ग इतिहास मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. सावत्र वडील म्हणून त्यांनी रखमाला पोटच्या मुलीसारखे वाढवले. घरात पुस्तके होती, येणारी-जाणारी माणसे शिकलेली होती, आणि मुलीच्या हातात पुस्तक दिसले म्हणून तिथे कोणी रागावत नव्हते.

अकराव्या वर्षीचे लग्न

एवढे सुधारलेले घर, पण रूढीपुढे त्याचेही चालले नाही. रखमा अकरा वर्षांची झाली तेव्हा आईने आणि आजोबांनी तिचे लग्न लावून दिले. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, डॉ. सखाराम यांच्याच नात्यातला, घरचा गरीब. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि कामाचा माणूस व्हावे, असे ठरले होते. खर्च सासरेबुवा करणार होते.

मुलगी वयात आल्यावर रीतीप्रमाणे तिला नवऱ्याच्या स्वाधीन करायला हवे होते. इथे डॉ. सखाराम आडवे आले. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने मुलींचे काय होते ते डॉक्टर म्हणून त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी नकार दिला आणि रखमा आईच्याच घरी राहिली. दादाजीला मात्र शाळा रुचली नाही. तो घर सोडून आपल्या मामाकडे राहायला गेला. पुढे त्याची प्रकृती बिघडली आणि कर्जही झाले.

इकडे रखमा वाचत होती. शाळा सुटली होती, म्हणून मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती घरीच इंग्रजी शिकली. प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना ती जाऊ लागली. वाढत्या वयाबरोबर तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. जे लग्न तिला न विचारता, तिला काही कळत नसताना लावले गेले, ते तिला मान्य नव्हते.

इथे दादाजीला राक्षस ठरवण्याचे कारण नाही. त्याचेही लग्न मोठ्यांनीच ठरवले होते. बायको आणि बायकोची मालमत्ता हा आपला हक्कच आहे, असे त्याला समाजाने शिकवले होते. दोष एका माणसापुरता असता तर कथा तिथेच संपली असती. इथे चुकलेली होती ती रीत, आणि रीतीच्या मागे उभा राहिलेला कायदा.

न्यायालयाची पायरी

१८८४ साली दादाजीने वकिलामार्फत नोटीस पाठवली की माझी बायको माझ्याकडे धाडा. रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्या आतबाहेर होत्या. त्यांनी जाण्यास नकार दिला. तेव्हा दादाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून दावा लावला. भारतीय कायद्याच्या इतिहासात हा खटला प्रसिद्ध आहे.

दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला. तरी रखमाबाई मागे हटल्या नाहीत. नवऱ्याची नाजूक प्रकृती, त्याला नसलेली मिळकत आणि ज्या घरात तो राहतो तिथले वातावरण ही कारणे त्यांनी न्यायालयापुढे मांडली. पण त्यांच्या भूमिकेचा गाभा वेगळा होता. लग्न ठरवताना त्यांची संमती घेतलेली नव्हती, आणि देण्याइतके त्यांचे वयही नव्हते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लग्न झालेल्या आणि नवऱ्याबरोबर एक दिवसही न नांदलेल्या तरुण बाईला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या घरी ढकलणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, हा इंग्रजी कायद्यातून इथे आलेला प्रकार आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

हा मुद्दा आपण नीट समजून घेऊ, कारण त्याचा आपल्याशीही संबंध आहे. नवऱ्याने किंवा बायकोने जोडीदाराला न्यायालयामार्फत परत बोलावण्याचा हा दावा मुळात इंग्लंडमधल्या धर्मन्यायालयांतला होता. तिथून तो साध्या न्यायालयांत आला आणि इंग्रजांबरोबर भारतात पोचला. गंमत अशी की हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा इंग्लंडने १८८४ मध्ये आपल्याकडे रद्द केली. म्हणजे ज्या वर्षी रखमाबाईंना नोटीस आली त्याच वर्षी इंग्लंडमधल्या बाईचा तुरुंग टळला होता, आणि हिंदुस्थानातल्या बाईवर मात्र त्याची टांगती तलवार राहिली.

देशभर गदारोळ

पिन्हीसाहेबांच्या निकालाने देशभर वादळ उठले. धर्म बुडाला, कुटुंब मोडले, उद्या कोणाचीही बायको उठून न्यायालयात जाईल, अशी ओरड झाली. बाळ गंगाधर टिळकांच्या वृत्तपत्रांनी निकालावर कडक टीका केली. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असा तो पक्ष होता. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीसाठी एक समितीही निघाली. पंडिता रमाबाईंनी त्यांची बाजू घेतली.

याच काळात टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रात एका हिंदू स्त्रीच्या सहीने दोन पत्रे आली. एक बालविवाहावर होते, दुसरे विधवांवर लादलेल्या जिण्यावर. लिहिणारी बाई कोण, याची मोठी चर्चा झाली. त्या रखमाबाईच होत्या. मुलीचे शिक्षण लग्नाने कसे थांबते, तिचे शरीर आणि मन दोन्ही कसे खुरटते, आणि मुलगा शिकत राहतो तेव्हा मुलगी कशी मागे पडते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून मांडले होते. वकिलांनी कलमे सांगितली, पंडितांनी वचने सांगितली. जिच्याबद्दल हे सगळे बोलत होते, ती बाई या पत्रांतून पहिल्यांदा स्वतः बोलली.

दादाजीने अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरवला आणि दावा पुन्हा चालवायला सांगितला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे लागेल. रखमाबाईंनी न्यायालयाला कळवले की त्या शिक्षा भोगतील, पण नांदायला जाणार नाहीत. बावीस वर्षांच्या मुलीने सांगितलेले हे उत्तर देशभर गाजले, आणि सातासमुद्रांपलीकडेही पोचले.

पुढे काय झाले याबद्दल एक लोकप्रिय समजूत आहे. राणी व्हिक्टोरियाने स्वतः निकाल फिरवला, असे अनेक जण सांगतात. तसे घडले नाही. जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची अंमलबजावणी मागणार नाही असे कबूल केले. त्याने पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंचा तुरुंग टळला, पण न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला नाही. त्यांची सुटका पैसे मोजून झाली.

आपल्याकडच्या पंचांच्या बैठकी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. मुलगी नांदत नाही म्हटले की देज किती परत करायची यावर रात्र जाते. रक्कम ठरली की भांडण मिटले असे म्हणतात. त्या रात्रभराच्या बोलण्यात मुलीचे म्हणणे किती वेळा ऐकले गेले, हे मोजून पाहावे.

हाती स्टेथोस्कोप

सुटका झाली तेव्हा रखमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. पुढे काय करायचे? मुंबईच्या कामा रुग्णालयात तेव्हा डॉ. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर होत्या. स्त्रियांसाठीचे हे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले होते. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचा मार्ग दाखवला. वर्गणी जमली, इंग्लंडमधल्या मित्रांनी आधार दिला, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. ब्रुसेल्स येथून त्यांनी एम.डी. पदवीही मिळवली.

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पण १८८७ च्या आरंभी मायदेशी वारल्या. त्यांना काम करायला वेळच मिळाला नाही. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली काम करू लागल्या होत्या. रखमाबाई प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या भारतातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक. त्यांच्या नशिबात पुढची पस्तीस वर्षे होती, आणि ती त्यांनी एकाच कामाला दिली.

सुरतेचा दवाखाना

१८९५ मध्ये रखमाबाई सुरतेच्या स्त्री रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. सुरत म्हणजे आपल्या नंदुरबारपासून रेल्वेने थेट जाण्याचे गाव. आपल्या तालुक्यातली किती कुटुंबे आजही मजुरीसाठी आणि ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, हे वेगळे सांगायला नको.

रुग्णालय होते, डॉक्टर बाई होत्या, पण बाळंतपणाला बायका येत नव्हत्या. दवाखान्यात गेलेली बाई जिवंत परतत नाही, असा समज होता. घरातली म्हातारी माणसे पाठवत नसत. तेव्हाची एक गोष्ट सांगतात. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली, तिची सुटका नीट पार पाडली आणि लोकांना दाखवली. मुक्या जनावराला इथे काही होत नाही, मग तुमच्या लेकीसुनेला काय होईल, हा त्यातला अर्थ लोकांना उमजला. हळूहळू बायका येऊ लागल्या.

ही गोष्ट ऐकून आपण हसतो, पण तिच्यात शहाणपण आहे. डॉक्टर बाईंनी लोकांना अडाणी म्हणून झिडकारले नाही. त्यांची भीती खरी मानली आणि त्यांना पटेल अशा रीतीने ती घालवली. आपल्याकडच्या आशाताई आणि धर्मभगिनी जेव्हा एकाच पाड्यावर चार-चार वेळा चढून जातात, तेव्हा त्या याच वाटेने जात असतात.

रखमाबाई सुरतेत आल्यावर थोड्याच काळात प्लेगची साथ आली. माणसे गाव सोडून पळत होती. त्या तिथेच राहून काम करीत राहिल्या. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सुरतेत काढला. बाळंतपणे केली, परिचारिका तयार केल्या, विधवा बायकांना शिक्षणाकडे वळवले.

१९०४ मध्ये दादाजी वारला. बातमी कळल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले, आणि अखेरपर्यंत तेच ठेवले. जे लग्न त्यांनी कधी मानले नाही, त्याचे वैधव्य त्यांनी का पत्करले? लोक अनेक तर्क करतात. आम्ही त्यावर निवाडा देणार नाही. माणसाचे मन न्यायालयाच्या कागदाइतके सरळ नसते, एवढेच म्हणतो. नकाराच्या वेळी नकार त्यांचा होता, आणि हे वस्त्रही त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून घेतलेले नव्हते.

पुढे १९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या स्त्री रुग्णालयात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथे राहिल्या. तिथे त्यांनी रेडक्रॉसचे काम उभे केले. १९२९ मध्ये पडदा पद्धत नाहीशी करावी असे सांगणारी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. निवृत्तीनंतर त्या मुंबईला आल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

कायद्याचा लांबचा प्रवास

रखमाबाईंच्या खटल्याने देशाला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर फार हळू आले. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीच्या शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय दहा वर्षे होते. खटल्याच्या चर्चेने आणि १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाच्या बालिकेच्या मृत्यूने सरकार हलले. १८९१ मध्ये हे वय बारा झाले. त्यालाही तेव्हा मोठा विरोध झाला. १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात टाकण्याची तरतूद गेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. १९७८ पासून ते अठरा झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच होय.

ज्या वर्षी रखमाबाई वारल्या त्याच १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. त्याने घटस्फोट दिला, पण जोडीदाराला परत बोलावण्याचा जुना दावाही कलम ९ मध्ये ठेवला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही असा दावा आहे. आता तुरुंग नाही, पण दावा आहे.

रखमाबाईंनी जे मागितले होते, ते नेमके काय होते? बालपणी लावलेले लग्न मोठे झाल्यावर नाकारण्याचा हक्क. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात या हक्काची थोडी वाट उघडली. पुढे २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने तो सर्वांना दिला. अठरा वर्षांच्या आत लग्न झालेली मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते लग्न रद्द करून घेऊ शकते. पिन्हीसाहेबांच्या निकालापासून इथवर यायला एकवीस वर्षे कमी दीड शतक नव्हे, तर पुरी एकशे एकवीस वर्षे लागली.

मध्यंतरी जगानेही हे तत्त्व मान्य केले. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात लग्न दोघांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनेच व्हावे असे कलम आहे. त्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात सगळे पुरुष याऐवजी सगळी माणसे असा शब्द यावा म्हणून ज्या भारतीय प्रतिनिधीने आग्रह धरला, त्या हंसा मेहता. त्यांचा जन्म १८९७ चा, आणि तोही सुरतेचाच. त्या वर्षी रखमाबाई त्याच गावात डॉक्टर होत्या.

श्रद्धेच्या उजेडात

आपली ख्रिस्तसभा विवाहाला संस्कार मानते, आणि तो संस्कार वधूवरांच्या संमतीने घडतो असे शिकवते. धर्मगुरू लग्न लावतो असे आपण म्हणतो खरे, पण धर्मगुरू साक्षीदार असतो. म्हणूनच विवाहाआधीच्या चौकशीत आम्ही मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून विचारतो. कोणाचा दबाव आहे का? मनापासून आहे का? काही घरांना हा उपचार वाटतो. तो उपचार नाही. ती संमती खरी नसेल तर वेदीवर लावलेले लग्नसुद्धा लग्न ठरत नाही.

संत थॉमस अक्वायनसने शिकवले आहे की कृती खऱ्या अर्थाने मानवी होण्यासाठी दोन गोष्टी लागतात, समज आणि स्वातंत्र्य. अकरा वर्षांच्या रखमाकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. चौदा-पंधरा वर्षांच्या आपल्या मुलीकडे त्या किती असतात?

आणि नाझरेथची ती मुलगी आठवा. सर्वसमर्थ देवाने आपल्या पुत्राला जगात पाठवताना तिला गृहीत धरले नाही. दूत पाठवला, तिचा प्रश्न ऐकून घेतला, तिच्या उत्तरासाठी थांबला. देव ज्या होकारासाठी थांबतो, तो होकार आपण आईबाप आणि पंच मिळून परस्पर देऊन टाकतो.

आपल्या धडगावात

आपल्या आदिवासी रीतीत मुलीला अगदीच आवाज नव्हता असे नाही. मनाचा जोडीदार निवडणे, न पटल्यास नवरा सोडणे आणि पुन्हा लग्न करणे यांना आपल्याकडे पूर्वीपासून जागा आहे. अनेक शहरी जातींत ती नव्हती. याचा अभिमान बाळगायला हवा. पण कमी वयातली लग्ने आपल्याकडेही आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

पुष्कळ जण म्हणतात, आमच्यावर हिंदू विवाह कायदा लागू नाही, आमचे पंच बघून घेतील. पहिला भाग खरा आहे. तो कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही. पण बालविवाह प्रतिबंध कायदा देशातल्या सर्व नागरिकांना लागू आहे. रूढी त्याच्या वर नाही. गावात हे लग्न रोखण्याची जबाबदारी ज्यांना आपण अजून ग्रामसेवक म्हणतो त्या अधिकाऱ्यावर आहे, आणि अंगणवाडीताई त्यांच्या मदतीला आहेत. १०९८ या क्रमांकावर कोणीही फोन करू शकतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

पण रखमाबाईंच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग विसरू नका. त्यांनी खटला लढवला आणि मग पस्तीस वर्षे दवाखान्यात काढली. बाईला नाही म्हणण्याचा हक्क मिळाला, पण तिला शाळा नाही, दवाखाना नाही, जायला रस्ता नाही, तर त्या हक्काचे ती काय करणार? रखमाबाई नाही म्हणू शकल्या, कारण त्यांच्या मागे शिकवणारे घर होते आणि स्वतःच्या नावावर मालमत्ता होती. आपल्या बहुतेक मुलींच्या मागे यातले काहीच नसते. ती पोकळी भरून काढणे हे कारभाराचे काम आहे.

पावसाळ्यात अजूनही आपल्या काही पाड्यांवरून गरोदर बाईला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. नर्मदेच्या काठी तरंगता दवाखाना फिरतो, तो याच गरजेपोटी. म्हणून गावाचा आराखडा ठरतो तेव्हा विचारायला हवे : पहिला रस्ता कोणत्या पाड्याला? रुग्णालयात स्त्री डॉक्टर आहे का? आश्रमशाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आणि पाणी आहे का? स्त्रियांच्या गरजा ओळखणारा कारभार म्हणजे याहून अवघड काही नाही.

हे विचारायला जागाही आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. ती आपल्या गावात खरोखर भरते का, की नुसत्या सह्या घरोघरी फिरतात? सरपंचबाई खुर्चीवर बसतात, की त्यांचे यजमान? १८८५ मध्ये सगळे रखमाबाईंविषयी बोलत होते आणि त्यांना स्वतःला बोलण्यासाठी नाव लपवून पत्रे लिहावी लागली. आज आपल्या भगिनींना नाव लपवण्याची गरज पडू नये.

चिंतनासाठी

या आठवड्यात घरी बसून पुढील तीन प्रश्नांवर बोलावे. शक्य असेल तर मुलींना आधी बोलू द्यावे.

१. आपल्या घरात लग्नाची बोलणी चालू असतील, तर मुलीला एकटीला बसवून कोणी विचारले का? ती नाही म्हणाली तर आपण ते ऐकू का?

२. आपल्या मुलीचे शिक्षण कोणत्या इयत्तेत थांबले, आणि ते कोणी थांबवले?

३. पुढच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आपल्या घरातून कोण जाणार, आणि कोणता एक प्रश्न मांडणार?

हे परमेश्वरा, मरियेच्या उत्तरासाठी तू थांबलास. आमच्या लेकींच्या उत्तरासाठी थांबण्याचा धीर आम्हांला दे. त्यांच्या बाळंतपणाच्या वाटेवर, शाळेच्या वाटेवर आणि न्यायाच्या वाटेवर त्यांना सोबत करण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.